मुळांचा शोध: ‘लायन’ काय दाखवतो आणि काय गाळतो



संशोधनाला चिकाटी किती लागते हे सांगायचं झालं की ‘लायन’ सिनेमाचं उदाहरण हमखास दिलं जातं. २०१६ चा सिनेमा, दिग्दर्शक गार्थ डेव्हिस. लहानपणीचा सरू सनी पवार, मोठेपणीचा देव पटेल. गोष्ट खरी आहे. खंडव्याचा पाचेक वर्षांचा पोरगा १९८६ साली बुऱ्हाणपूर स्टेशनवर भावाची वाट पाहता पाहता उभ्या गाडीत झोपतो, आणि शेवटी बाहेर पडतो तो थेट कलकत्त्यात. काही आठवडे रस्त्यावर, मग पोलीस, बालगृह, अनाथाश्रम. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टचं ब्रायर्ली दाम्पत्य त्याला दत्तक घेतं. पुढे हा सरू ब्रायर्ली गूगल अर्थवर रेल्वेच्या रुळांवरून बोट फिरवत फिरवत २०११ मध्ये आपलं गाव शोधतो आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये आईला भेटतो. त्याचं ‘अ लाँग वे होम’ हे पुस्तक २०१३ मध्ये आलं, सिनेमा त्यावरच बेतलेला आहे.

सिनेमा म्हणून तो चांगला आहे. शेवटी डोळे भरून येतातच, त्यात खोटं काही नाही. माझी तक्रार वेगळी आहे. दत्तक गेलेला माणूस आपली मुळं कशी शोधतो, याचा नमुना म्हणून हा सिनेमा पाहिला तर तो आपल्याला चुकीच्या वाटेला लावतो. आणि शोधाची चुकीची कल्पना डोक्यात बसली की ती पुढे थेसिसपर्यंत सोबत येते. म्हणून आज या सिनेमाची जरा उलटतपासणी करू. निमित्त दत्तकाचं, पण बोलायचं आहे ते साधनांबद्दल, पुराव्याबद्दल आणि ज्याच्या आयुष्यात आपण डोकावतो त्याच्या हक्काबद्दल.

नशीब की गृहीतक?

खंडवा आपल्याला परकं नाही. अकोल्याहून खंडव्याला मीटरगेजची गाडी जायची, मेळघाटातून. अकोल्याच्या जुन्या माणसांना विचारा, त्यांना ती स्टेशनं अजून पाठ असतील. सरूला मात्र गावाचं नाव नीट येत नव्हतं. ‘गणेश तलाई’ या मोहल्ल्याचं त्याच्या तोंडी ‘गिनेस्टले’ झालं होतं, बुऱ्हाणपूरचं ‘बेरामपूर’. त्याचं स्वतःचं नावसुद्धा मुळात शेरू. पाच वर्षांच्या लेकरानं कानाने धरून ठेवलेले आवाज, एवढंच त्याचं साधन.

त्यावरून त्याने काय केलं? गाडीचा अंदाजे वेग गुणिले प्रवासाचे अंदाजे तास, असा हिशेब करून हावड्याभोवती एक वर्तुळ आखलं आणि त्या वर्तुळातले लोहमार्ग एकेक करून तपासले. पद्धत उत्तम. पण गाव सापडलं ते वर्तुळाच्या बाहेर, सीमा सोडून भटकताना. सिनेमा हा क्षण दैवी चमत्कारासारखा रंगवतो. नायक हताश होतो, नकाशा भिरकावल्यासारखा सरकवतो, आणि घर समोर!

इथं थांबा. चमत्कार कुठे आहे यात? वर्तुळ चुकलं होतं, कारण ते घाबरलेल्या मुलाला वाटलेल्या वेळेवर उभं होतं. गृहीतक कच्चं असेल तर त्यावरची मेहनत कितीही पक्की असो, उत्तर हाती येत नाही. सिनेमा याला नशीब म्हणतो. तुम्ही तुमच्या वहीत याला ‘मर्यादा ठरवण्याचा निकष तपासला नाही’ असं लिहा.

आणखी एक. गाव सापडल्यावर सरूने लगेच तिकीट काढलं नाही. खंडव्याच्या लोकांच्या एका फेसबुक ग्रुपवर त्याने खुणा विचारून खात्री केली, मोहल्ल्याचं नाव पक्कं केलं. म्हणजे एका साधनावर विसंबला नाही, दुसऱ्याकडून पडताळून घेतलं. सिनेमा या टप्प्यावर रेंगाळत नाही, कारण पडताळणी पडद्यावर कंटाळवाणी दिसते. संशोधनात मात्र खरं काम तेच असतं.

आठवण कुणाकडे असते?

माझा पहिला मोठा आक्षेप असा. सरू हा अपवाद आहे. तो पाच वर्षांचा होता, त्याला आई आठवत होती, भाऊ आठवत होता, पुलाचा आणि पाण्याच्या टाकीचा आकार आठवत होता. परदेशात दत्तक गेलेली बरीचशी मुलं काही महिन्यांची असताना गेली. त्यांच्याकडे आठवण नाही. गूगल अर्थ त्यांना काय दाखवणार? त्यांच्याकडे असतात ते कागद, आणि तेही दुसऱ्याने लिहिलेले.

आता तुम्ही म्हणाल, आपला याच्याशी काय संबंध? आहे. जात पडताळणीसाठी तुमच्यापैकी कितीतरी जणांनी घरात हाच खेळ पाहिला असेल. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा पुरावा, विमुक्त-भटक्यांना १९६१, ओबीसींना १९६७. मग पणजोबांची कोतवाल बुकातली नोंद काढा, शाळेतून दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणा, आडनावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन का, याचं शपथपत्र करा. तिवसा तहसीलच्या चकरा मारणाऱ्या माणसाला मुळं कागदात शोधणं म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. फरक एवढाच की तुम्हाला पणजोबाचं नाव ठाऊक असतं. दत्तक गेलेल्याला आईचंही ठाऊक नसतं.

आणि हा प्रश्न परदेशी गेलेल्यांपुरता नाही. आई-बाप माहीत नसलेल्या मुलाने जातीचा पुरावा आणायचा कुठून? या अडचणीतूनच राज्य सरकारने २०१८ मध्ये अनाथांसाठी एक टक्का आरक्षण लागू केलं. मुळं माहीत असणं ही निव्वळ भावनेची गोष्ट नाही. आपल्याकडे ती फॉर्ममधली एक चौकट आहे.

हरवलेलं, टाकलेलं, सोपवलेलं

दुसरा आक्षेप. सिनेमा पाहून असं वाटतं की प्रत्येक दत्तक मुलामागे एक वाट पाहणारी आई आहे. सरूच्या बाबतीत ते खरंच होतं. त्याची आई खंडव्यातच थांबली, मूल परत येईल म्हणून तो परिसर सोडून गेली नाही. पण सरू ‘हरवलेला’ होता. फाइलीत आणखी दोन शब्द असतात: ‘टाकलेलं’ आणि ‘सोपवलेलं’. या तीन शब्दांतून शोधाच्या तीन वेगळ्या वाटा फुटतात.

हरवलेल्या मुलाचं घर कुठेतरी आहे आणि घरच्यांनाही मूल हवं आहे. टाकलेल्या मुलाबाबत नोंद असते ती सापडल्याची: कुठे, किती वाजता, कुणाला. स्टेशन, दवाखाना, देवळाची पायरी. सोपवलेल्या मुलाबाबत आईने सही करून मूल संस्थेकडे दिलेलं असतं. आजच्या बाल न्याय कायद्यात, म्हणजे २०१५ च्या, अशा आईला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात. त्यानंतरच मूल दत्तकासाठी मोकळं होतं.

पण हे शब्द लिहिले कुणी? संस्थेने. म्हणून ते जसेच्या तसे घेऊ नका. सिनेमातच याचं झकास उदाहरण आहे. संस्थेच्या बाई सरूला सांगतात की तुझा फोटो वर्तमानपत्रात छापला, पण कुणी आलं नाही. आता विचार करा, कलकत्त्यात छापलेली नोटीस खंडव्यात मजुरी करणाऱ्या बाईपर्यंत पोचणार कशी? फाइलीत मात्र ‘पालक आढळले नाहीत’ असं नोंदलं जातं. पुढचा वाचक ते ‘पालक नाहीत’ असं वाचतो. एका शब्दाच्या फरकाने जिवंत आई नाहीशी होते.

स्वित्झर्लंडमध्ये २०२४ साली भारतातून तिथे गेलेल्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास पुस्तकरूपाने आला. झुरिक आणि थुर्गाऊ या दोन प्रांतांपुरता, १९७३ ते २००२ या काळाचा. त्याच्या जर्मन नावाचा अर्थच ‘आई अज्ञात’ असा आहे. ‘अज्ञात’ ही स्थिती आपोआप नसते, कुणीतरी ती कागदावर तयार केलेली असते, ही जाणीव ज्याला आहे तो फाइल वेगळ्या नजरेने वाचतो.

मग सुरुवात कुठून?

समजा, नागपूर-अमरावतीकडून १९८० च्या आसपास युरोपात गेलेली एखादी बाई आज आपली मुळं शोधू इच्छिते. तिने काय करावं? हे टप्पे तुमच्या संशोधन आराखड्याशी ताडून पाहा.

एक, वहीची दोन पानं करा. एका पानावर कागदावर असलेलं, दुसऱ्यावर कुणीतरी सांगितलेलं. ‘तुझी आई फार गरीब होती’ हे वाक्य दत्तक आईने सांगितलं असेल, तर ते दुसऱ्या पानावर जाईल. ही दोन पानं एकमेकांत मिसळली की शोध संपला समजा.

दोन, आधी स्वतःच्या देशातले कागद. भारतात यायच्या आधी तिकडच्या न्यायालयात, दत्तक संस्थेत आणि इमिग्रेशन खात्यात काय आहे ते मिळवायचं. पुष्कळदा मुलाचा जुना अहवाल, लसीकरणाची नोंद, पहिला भारतीय पासपोर्ट तिकडेच असतो.

तीन, इकडचं न्यायालय. हा मुद्दा फार जणांना माहीत नसतो. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा परदेशी ख्रिस्ती दाम्पत्यांना लागू नव्हता. म्हणून ती मंडळी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायालयाकडून पालकत्व घ्यायची आणि पक्कं दत्तकविधान आपल्या देशात करायची. म्हणजे संस्था बंद पडली असली तरी न्यायालयाच्या अभिलेखागारात एक प्रकरण असू शकतं. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात परदेशी दत्तकाची शिस्त घालून दिली. एका वकिलाच्या पत्रावरून उभा राहिलेला हा खटला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे कागद सारखे नसतात, हे ध्यानात ठेवा. साल माहीत नसताना कागद वाचणं म्हणजे तिथी माहीत नसताना पंचांग वाचणं.

चार, केंद्रीय दत्तक प्राधिकरण, म्हणजे कारा. १९९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था मूळ शोधाचे अर्ज घेते. अठरा पूर्ण झालेली व्यक्ती स्वतः अर्ज करू शकते, लहान असेल तर दत्तक आईबापांसोबत. त्रयस्थ माणसाला दुसऱ्याच्या वतीने असा शोध घेता येत नाही. ही ओळ तुमच्यासाठी आहे. ‘मी रिसर्च स्कॉलर आहे’ म्हणून कुणाच्या दत्तकाची फाइल मागता येणार नाही, आणि येऊही नये.

पाच, जन्मतारखेवर फार भार देऊ नका. सापडलेल्या बाळाचं वय डॉक्टर अंदाजाने ठरवतात, नाव संस्थेतली ताई ठेवते. एकाच आठवड्यात आलेल्या मुलांना एकाच अक्षरावरून नावं दिलेली असू शकतात. नाव आणि तारीख यांवरून संस्थेची पद्धत कळते, मुलाचं मूळ कळेलच असं नाही.

डीएनए चाचणी यात कुठे बसते? चीनमधून दत्तक गेलेल्यांच्या शोधात तिला मोठं स्थान आहे, आणि त्याला कारण आहे. तिथे एक मूल धोरणाच्या काळात आईबापांना मूल रीतसर सोपवण्याची वाटच जवळपास नव्हती. मूल गुपचूप ठेवून निघून जावं लागे. त्यामुळे फाइलीत आईची सही नाही, फक्त सापडल्याची जागा आणि वर्तमानपत्रातली नोटीस. १९९२ पासून दीड लाखाहून जास्त मुलं अशी परदेशी गेली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने परदेशी दत्तक जवळपास बंद केलं. कागद मुका असेल तर रक्ताला विचारावं लागतं. पण रक्तही तेव्हाच बोलतं, जेव्हा दुसऱ्या टोकाच्या कुणीतरी आपला नमुना दिलेला असतो. आपल्या खेड्यातल्या सत्तर वर्षांच्या बाईने तो कुठे दिलेला असणार? म्हणून भारतात कागद आणि माणसं हीच मुख्य वाट राहते. एका समाजात चाललेली पद्धत दुसऱ्यात का चालत नाही, याचं इतकं स्पष्ट उदाहरण शोधून सापडणार नाही.

आईची बाजू

आता माझा तिसरा आणि सगळ्यात मोठा आक्षेप. ‘लायन’मध्ये आई शेवटी येते, मिठी मारते आणि सिनेमा संपतो. पुस्तकातही बोलतो तो मुलगाच. या प्रकारच्या जवळपास सगळ्या कथा मुलाच्या बाजूने सांगितल्या जातात, कारण लिहिता-वाचता येणारा, तिकीट काढू शकणारा तोच असतो. आई सापडायची वस्तू होऊन बसते.

पण १९७८ मध्ये आडगावच्या एखाद्या अविवाहित मुलीने शहरात जाऊन गुपचूप बाळंतपण केलं, मूल संस्थेत दिलं, पुढे तिचं लग्न झालं, आज ती नातवंडांची आजी आहे, असं धरा. तिच्या दारात एक दिवस गाडी थांबते. सोबत दुभाषा, कदाचित कॅमेराही. शेजारच्या बाया ओट्यावर येऊन विचारतात, कोण आलं वं बाई? ती काय उत्तर देईल?

गुप्तता ही तिला कुणीतरी दिलेली हमी होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, ते याच हमीवर उभं होतं: इथे या, तुमचं नाव बाहेर जाणार नाही. या गृहात जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंतला, त्यांनी पुढे दत्तक घेतलं. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाशी जोडलेल्या मंडळींनी पंढरपुरात बालकाश्रम काढला, त्यामागेही हीच व्यथा होती. त्या काळी गुप्ततेने जीव वाचवले, आईचेही आणि बाळाचेही. आज तीच गुप्तता शोधणाऱ्याच्या वाटेत भिंत होऊन उभी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

आपले दत्तकाचे नियम हा पेच ओळखतात. मुलाचा हक्क आईच्या खासगीपणावर कुरघोडी करणार नाही, असं ते सांगतात. आईने ओळख उघड करू नका असं सांगितलं असेल तर तिची संमती हवी. ती नाही म्हणाली किंवा सापडलीच नाही, तर मूल कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं एवढं तरी शोधणाऱ्याला सांगावं. मला हा तोडगा कागदावर बरा वाटतो. पण त्यात एक गोम आहे. संमती विचारायला कुणीतरी तिच्यापर्यंत जावंच लागतं, आणि तो जाण्याचा क्षणच धोक्याचा असतो. पोस्टाने पत्र पाठवलं तर ते घरात आधी कोण फोडणार? ती एकटी कधी असते? विचारणारी व्यक्ती बाई असावी की नाही? या प्रश्नांची उत्तरं नियमांत नसतात, ती क्षेत्रकार्यात घडतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ‘संशोधन नैतिकता’ म्हणून जो एक परिच्छेद कुठूनतरी उचलून टाकलेला असतो ना, तो इथे एक दिवसही टिकणार नाही.

आपल्या अंगणातला विषय

तिवसा तालुक्यातलं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. तिथून दरवर्षी आषाढीला पालखी पंढरपूरला जाते. लेकीला माहेर असतं आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं, यावर आपला केवढा विश्वास! आणि याच जिल्ह्यात, अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं बालगृह आहे. स्टेशनवर, बसस्टँडवर, कचऱ्यात सापडलेली अपंग लेकरं तिथं वाढली. बाबांनी शंभराहून जास्त मुलांना वडील म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच घरात वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी एमपीएससीही पास झाली.

आता ‘लायन’ला हा प्रश्न विचारून पाहा: या मुलांची मुळं कुठे आहेत? सिनेमाचं उत्तर असेल, जिथून ती आली तिथे. वझ्झरचं उत्तर असेल, इथे, या नावात. यातलं एकच बरोबर आहे असं मला वाटत नाही. पण ‘मूळ’ हा शब्द आपण न तपासता वापरतो, एवढं तरी यातून कळतं. आणि न तपासलेला शब्द म्हणजेच संशोधनाचा विषय.

तुमच्यापैकी कुणी समाजशास्त्र, समाजकार्य, कायदा किंवा मराठी साहित्य घेऊन प्रवेश परीक्षेला बसत असेल, तर इकडे बघा. परदेशी गेलेल्यांच्या आठवणींची पुस्तकं आहेत, सिनेमे आहेत, युरोपातल्या देशांचे चौकशी अहवाल आहेत. मूल सोपवलेल्या वऱ्हाडातल्या बाईचं बोलणं कुठे आहे? तिचं नाव न विचारता, तिचं गाव न सांगता, तिच्याबद्दल कसं लिहायचं? तिला शोधून काढणं हा त्या थेसिसचा हेतूच नसावा. तिच्यासारख्या बायकांना त्या वेळी कोणत्या वाटा उघड्या होत्या, कोण सोबत होतं, सही करताना काय सांगितलं गेलं, एवढं जरी कळलं तरी फाइलीतला ‘सोपवलेलं’ हा शब्द पहिल्यांदा नीट वाचता येईल.

‘लायन’ जरूर पाहा. पाहून झाल्यावर कागद-पेन घ्या आणि आईच्या बाजूने तीच गोष्ट एका पानात लिहून काढा: तिला काय माहीत होतं, तिने कुठे कुठे विचारलं, तिचं कुणी ऐकलं का. जिथे जिथे तुमची लेखणी अडेल, तिथे तिथे एक संशोधन प्रश्न आहे. त्यातला एक निवडा आणि गाइडकडे जा.